लोडरच्या बकेटला जोडलेला आंकडा

देवळा हें नाशिक जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. गिरणेच्या खोऱ्यांतील हा मुलूख कांद्याचा. उन्हाळी कांदा निघून चाळींत जाऊन पडला, म्हणजे पावसाआधीं शेतांत शेणखत टाकणें, बांध नीट करणें, गाळ आणून पसरणें, अशीं कामें शेतकऱ्यापुढें उभीं राहतात. पूर्वीं तीं बैलगाडी व घमेलें यांवर होत. आतां अनेक ठिकाणीं त्यासाठीं ट्रॅक्टरच्या तोंडाशीं लोडर बसवितात. लोडर म्हणजे दोन पोलादी बाहू आणि त्यांच्या टोकाशीं सुपाच्या आकाराचें एक मोठें भांडें. त्याला बकेट म्हणतात. तेलाच्या दाबानें बाहू वर उचलले जातात व बकेट पुढेंमागें कलते.

बकेट घडविलेली असते ती माती उचलण्यासाठीं. परंतु शेतकऱ्याची गरज मातीपाशीं थांबत नाहीं. कधीं जड पंप हलवावयाचा असतो, कधीं खताच्या गोण्यांची थप्पी, तर कधीं उन्मळलेलें झाड. मग बकेटच्या वरच्या कडेला साखळी अडकविण्याचे आंकडे, खालच्या कडेला दांते, किंवा पुढें दोन लांब सुळे जोडून घेतले जातात. वेल्डिंगचें यंत्र आतां कित्येक शेतकऱ्यांच्या घरींहि असतें. त्यामुळें हें काम एका दुपारीं उरकतें. तें सोपें दिसतें, आणि धोका आहे तो येथेंच.

विजेच्या ज्योतीनें दोन्ही तुकड्यांच्या कडा व हातांतील काडी वितळवून त्यांचा एकजीव करणें, याला वेल्डिंग म्हणतात. काडीवरील लेप जळून जो वायु व जी मळी निर्माण होते, त्यांमुळें वितळलेल्या धातूचें हवेपासून रक्षण होतें. लेप दिलेल्या काडीची ही युक्ति विसाव्या शतकाच्या आरंभीं स्वीडनमधील ऑस्कर शेलबर्ग यानें प्रचारांत आणली. असा जोड नीट साधला, तर तो सहसा सुटत नाहीं. त्याच्या शेजारचें लोखंड मात्र फाटूं शकतें.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण समुद्रावरचें आहे. १६ जानेवारी १९४३ रोजीं अमेरिकेंतील पोर्टलंडच्या धक्क्याला ‘स्केनेक्टडी’ हें नवें तेलवाहू जहाज शांत पाण्यांत उभें होतें. वादळ नव्हतें, टक्कर नव्हती. तरी तें एकाएकीं मधोमध दुभंगलें. रिव्हेट मारलेल्या जहाजांत एका पत्र्याला पडलेली चीर बहुधा त्याच्या कडेशीं थांबते. वेल्डिंगनें सारे पत्रे एकसंध झालेले असल्यानें तिला वाट मोकळी मिळते. सदोष जोड व थंडींत ठिसूळ होणारें पोलाद एकत्र आलें, म्हणजे काय होतें, हें जगानें त्या युद्धकाळांत पाहिलें.

बकेटचेंहि तसेंच आहे. तिची खालची धार झिजूं नये म्हणून बहुधा कठीण पोलादाची करतात. असें पोलाद एकदम तापून एकदम निवालें, तर जोडाच्या कडेला तें कांचेसारखें ठिसूळ बनतें. म्हणून जाणता कारागीर तो भाग आधीं गरम करून घेतो व मागाहून सावकाश निवूं देतो. घाईनें पाणी ओतीत नाहीं. जोराच्या कामाला तो कमी हायड्रोजनची काडी वापरतो आणि ती कोरडी ठेवतो. दमट काडींतला हायड्रोजन धातूंत शिरला, तर जोड निवाल्यावर कांहीं तासांनीं आंतून चीर पडूं शकते, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीं.

आंकडा कोठें बसवावा, यालाहि महत्त्व आहे. बकेटच्या वरच्या कडेच्या मध्यावर पत्रा पातळ असेल, तर भार पडतांच तो वांकतो. म्हणून आंकड्याखालीं कोपरे गोल केलेली जाड पट्टी देऊन भार पसरवावा आणि आंकडे शक्यतों दोन्ही बाहूंच्या रेषेंत ठेवावे. एकाच कोपऱ्याला साखळी लावून ओझें उचलल्यास सारी चौकट पिळवटते. आंकड्याला खिट्टी असावी. नाहींतर साखळी सैल होतांच निसटते.

परंतु जोडापेक्षां मोठा प्रश्न तोलाचा. लोडर ही एक तरफच होय; पुढच्या चाकांचा आंस हा तिचा टेकू. समजा, आंसापासून दीड मीटर पुढें ३०० किलो ओझें उचलणें एखाद्या ट्रॅक्टरला सुरक्षित आहे. त्याचा गुणाकार ४५० होतो. आतां सुळे जोडल्यानें ओझें अडीच मीटरवर गेलें, तर तोच ४५० चा हिशेब सांभाळण्यासाठीं ओझें १८० किलोवर आणावें लागेल. सुळ्यांचें स्वतःचें वजन ६० किलो असून तें आंसापासून दोन मीटरवर पडत असेल, तर त्यांतच १२० खर्ची पडतात व उरतात अवघे १३२ किलो. यंत्र तेंच, तेलाचा दाब तोच. ताकद मात्र निम्म्याहून कमी झाली. हें चालकाला कळतें तें मागचीं चाकें हलकीं होऊं लागल्यावर, आणि उतारावर कित्येकदां तेंहि फार उशिरा. म्हणून मागें पुरेसें वजन बांधणें, ओझें जमिनीलगत नेणें व उचललेल्या बाहूंखालीं कोणालाहि न जाऊं देणें, हे नियम मोडतां येत नाहींत.

प्रत्यक्ष जोडतांना बॅटरीच्या तारा सोडाव्या आणि यंत्राचा चिमटा जोडाच्या अगदीं जवळ लावावा. तो दूर लावल्यास वीज खिळ्यांतून व बेअरिंगमधून वाट काढते आणि त्यांना खड्डे पाडते. तेलाच्या नळ्या झांकाव्या. जस्ताचा मुलामा घांसून काढावा, कारण त्याच्या धुरानें थंडी वाजून ताप येतो. काळ्या कांचेवांचून ज्योतीकडे पाहणाऱ्याला त्या वेळीं कांहीं वाटत नाहीं; रात्रीं मात्र डोळ्यांत वाळू शिरल्यासारखी आग होते. घरीं काम चाललें असतां कुतूहलानें भोंवतीं जमणाऱ्या मुलांना ही पीडा चटकन् होते.

कायमचा जोड देण्याऐवजीं बकेटवर चढवून बोल्टनें आवळतां येईल असें साधन करून घेणें अनेकदां शहाणपणाचें ठरतें. काम संपलें, कीं तें उतरवितां येतें, आणि बकेट पुन्हां मूळच्या तोलावर येते. कायमचा आंकडाच हवा असेल, तर काय उचलावयाचें, किती वजनाचें व आंसापासून किती अंतरावर, या तीन प्रश्नांचीं उत्तरें खडूनें जमिनीवर मांडावीं. हिशेब जुळल्यावांचून काडी हातीं घेऊं नये.