ध्वजावरील फूल

ध्वज म्हणजे वस्तुतः कापडाचा एक तुकडा. परंतु त्यावरील रंग व चिन्हे ही त्या प्रदेशाची मूक वाणी असते. ती वाणी काहींना अभिमानाची आणि काहींना अपमानाची वाटू लागली, तर काय करावे? अमेरिकेतील मिसिसिपी या राज्यापुढे हा प्रश्न दीर्घकाळ उभा होता.

मिसिसिपीत पूर्वी कापसाचे विस्तीर्ण मळे होते. त्यांत आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना व त्यांच्या वंशजांना गुलाम म्हणून राबविले जाई. या गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये त्यात पराभूत झाली. तथापि १८९४ साली मिसिसिपीने जो ध्वज स्वीकारला, त्याच्या कोपऱ्यात दक्षिणेच्या सैन्याचे रणचिन्ह होते : तांबड्या चौकोनावर निळी फुली आणि तीत १३ पांढरे तारे. काहींना हे चिन्ह पूर्वजांच्या शौर्याचे स्मारक वाटे. परंतु या राज्यातील दर १०० रहिवाशांपैकी सुमारे ३८ कृष्णवर्णीय आहेत. त्यांना ते पाहून आपल्या पूर्वजांच्या बेड्या आठवत.

२००१ साली जनमत घेतले, तेव्हा बहुसंख्यांनी जुनाच ध्वज राखला. पुढे मे २०२० मध्ये मिनीॲपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि देशभर संतापाची लाट उसळली. जूनअखेर मिसिसिपीच्या विधिमंडळाने जुना ध्वज रद्द केला. नव्या ध्वजासाठी ९ जणांची समिती नेमली गेली. तिच्यापुढे दोन अटी होत्या : ध्वजावर ते रणचिन्ह नसावे आणि ‘ईश्वरावर आमचा विश्वास आहे’ या अर्थाचे इंग्रजी वचन असावे. नागरिकांनी सुमारे ३,००० आकृत्या पाठविल्या.

निवडलेल्या ध्वजाच्या मध्यभागी मॅग्नोलियाचे पांढरे फूल आहे. हे मिसिसिपीचे राज्यपुष्प असून आपल्या सोनचाफ्याच्याच कुळातील आहे. ते आशेचे व आतिथ्याचे प्रतीक मानले गेले. फुलाभोवती २० पांढरे तारे आहेत. कारण मिसिसिपी हे संघराज्यात सामील झालेले २०वे राज्य होय. त्यांच्या वरच्या बाजूस एक सोनेरी तारा आहे. तो या भूमीच्या मूळ रहिवाशांचा मान राखतो.

रंगांची निवडही विचारपूर्वक झाली. मधला गडद निळा पट्टा दक्षता, न्याय व चिकाटी सुचवितो. दोन्ही कडांचे तांबडे पट्टे काटकपणा व शौर्य दर्शवितात. त्यांमधील सोनेरी रेषा राज्यातील कला, साहित्य आणि संगीत यांचे स्मरण देतात. शिवाय दोन गडद रंग एकमेकांस भिडले, तर दुरून ते एकच भासतात. मध्ये उजळ रेषा असल्याने ते वेगळे उठून दिसतात.

३ नोव्हेंबर २०२० रोजी झालेल्या मतदानात दर १०० मतदारांपैकी ७० हून अधिकांनी या ध्वजास संमती दिली आणि जानेवारी २०२१ मध्ये तो राज्याचा अधिकृत ध्वज झाला.

जुना ध्वज मात्र नष्ट करण्यात आला नाही. तो राज्याच्या इतिहास-संग्रहालयाकडे सोपविण्यात आला. इतिहास विसरावयाचा नसतो; त्याचे स्थान संग्रहालयात व ग्रंथांत आहे. ध्वजस्तंभावर मात्र असेच चिन्ह शोभते, ज्याला राज्यातील प्रत्येक मूल मान उंच करून वंदन करू शकेल.