सशाने सांगितलेली मेंदूची गोष्ट

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रक्तदाब उतरे, पण काही रुग्ण उदास झाल्याच्याही नोंदी येऊ लागल्या. असे का व्हावे?

१९५५ साली अमेरिकेत आढळले, की रेसर्पिनने मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. कोडे सुटले, असे वाटले. पण १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनमुळे निपचित पडलेल्या सशांना सेरोटोनिनचा कच्चा माल दिला, तरी ते उठले नाहीत. डोपामाइनचा कच्चा माल, एल-डोपा, देताच मात्र ते हिंडू लागले! याच धाग्यावरून पुढे कंपवातावर औषध मिळाले आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक.

ही दोन रसायने एकमेकांपासून फटकून राहत नाहीत. सेरोटोनिन कुठे डोपामाइनला लगाम घालते, तर कुठे तो सैल सोडते. म्हणून एकासाठी घेतलेल्या गोळीचा परिणाम दुसऱ्यावरही होऊ शकतो. 'आता बरे वाटते' म्हणून ती परस्पर बंद करू नये.

आणि घरातले कुणी गप्प गप्प राहू लागले, तर 'मन घट्ट कर' म्हणण्याआधी तो ससा आठवावा. तो काही आळसाने पडून नव्हता.