श्वासमार्गाची साधने आणि रुग्णाचे तोंड

सार्वदेहिक भूल दिल्यावर स्नायू शिथिल होतात, जीभ मागे पडते व श्वासमार्ग रोधला जाण्याचा धोका संभवतो. म्हणून भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालतात. त्यासाठीच्या साधनांतील भेद वैद्यबंधूंनी जाणणे अगत्याचे आहे; कारण शस्त्रकर्मासाठी रुग्ण पाठविणारे पुष्कळदा आपणच असतो.

रॉबर्ट मॅकिन्टॉश यांनी १९४३ मध्ये वर्णिलेले वक्र पात्याचे लॅरिंगोस्कोप आजही वापरात आहे. त्याने जीभ सारून उचलली व दृष्टिरेषा जुळली की स्वरतंतू दिसतात. मान ताठ असल्यास ही रेषा जुळणे कठीण होते. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमध्ये पात्याच्या टोकाशी कॅमेरा असल्याने ही अडचण बरीच दूर होते. २०२२ च्या कॉक्रेन समीक्षेत २२२ अभ्यासांच्या आधारे, यामुळे नळी घालण्यातील अपयश कमी होते असे आढळले. मात्र स्वरतंतू दिसले म्हणजे नळी गेली, असे नव्हे. अतिवक्र पाते असेल तर नळीत वाकविलेली सळई घालावी लागते. आर्ची ब्रेन यांचा लॅरिंजियल मास्क स्वरयंत्रावर बसतो. त्याने घसा कमी दुखतो. परंतु जठरातील द्रव्य फुप्फुसात जाण्यापासून नळीइतके संरक्षण मिळत नाही.

ही तिन्ही साधने तोंडावाटेच जातात आणि आपल्याकडे खरा प्रश्न तेथेच आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी-गुटख्याने होणारा सबम्युकस फायब्रोसिस चिकित्सालयात दिसतोच. यात गालांच्या आतील त्वचेखाली तंतुमय पट्टे तयार होतात. वेदनेमुळे वा स्नायूंच्या आकुंचनाने मिटलेले तोंड भुलेने बहुधा सैल पडते. हे पट्टे मात्र भुलेने सुटत नाहीत. कॅमेरा कितीही उत्तम असो, पातेच दातांपलीकडे जात नसेल तर त्याचा उपयोग काय? अशा रुग्णात बहुधा त्यास जागे ठेवून, नाकावाटे लवचिक दुर्बिणीच्या साह्याने नळी घालतात. त्यास पूर्वतयारी लागते. भूल दिल्यावर ही गोष्ट लक्षात आली, तर प्रसंग प्राणावर बेततो.

जिव्हापरीक्षण आपण नित्य करतो. त्याच वेळी रुग्णाची स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये शिरतात का, हे पाहावे. व्यसन रुग्ण लपवितो, बोटे लपवीत नाहीत. औषधालयात वारंवार खदिरादि वटी वा इरिमेदादि तेल मागणारा, ‘तिखट सोसत नाही’ म्हणणारा ग्राहक असल्यास विक्रेत्यानेही त्यास वैद्याकडे पाठवावे. शस्त्रकर्मासाठी पत्र देताना ‘तोंड दोनच बोटे उघडते’ हे स्पष्ट लिहावे. पूर्वीच्या भुलेत नळी घालताना अडचण आली असल्यास तेही.