पंख्यात साडी, कालव्यात नारळ

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट या लांब, अरुंद बोटीची वेगमर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे जेमतेम साडेसहा किलोमीटर. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना याहूनही हळू जायचं. काठावरचा भराभर चालणारा माणूस सहज पुढे निघून जातो. मग दिवसभर करायचं काय? टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरायचा, पाण्याची पातळी बदलणाऱ्या लॉकचे दरवाजे ढकलायचे आणि इंजिनाकडे कान लावून बसायचं.

या बोटीची अंगकाठी कुणी ठरवली? जेम्स ब्रिंडलीनं. या पठ्ठ्याला लिहिता-वाचता जेमतेम येई. गणित अडलं की तो अंथरुणावर पडून विचार करी आणि उत्तर घेऊनच उठे. 1766 साली बांधकाम सुरू झालेल्या ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर त्यानं सुमारे 7 फूट रुंदीचे लॉक बांधले. म्हणून आजही नवी कोरी नॅरोबोट 6 फूट 10 इंच रुंद असते, लांबी मात्र 70 फुटांपर्यंत जाऊ शकते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा शब्द पोलाद अजून पाळतंय!

बोट अचानक जड झाली, धूर काळा येतोय? इंजिनाला दोष देण्याआधी पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) बघा. बोटीच्या मागच्या भागात, पंख्याच्या अगदी वर, एक झाकण असतं. त्याला वीड हॅच म्हणतात. आधी उलटा गिअर टाकून पाहायचा. अडकलेलं कधी कधी आपोआप सुटतं. नाही सुटलं तर इंजिन बंद, किल्ली खिशात, बाही वर आणि हात थेट कालव्याच्या गार पाण्यात. आत काय सापडेल याचा नेम नाही: प्लास्टिकच्या पिशव्या, मासेमारीचा तंगूस, दोर, गादीच्या स्प्रिंगा. भारतीय वस्तीजवळच्या कालव्यांत पंख्याला गुंडाळलेल्या साड्याही निघाल्याचं बोटवाले सांगतात. पाच-सहा वार ओलं कापड दांड्यावर घट्ट पिळलं गेलं, की ब्रेडच्या सुरीनं तुकडे करत बसण्यावाचून इलाज नसतो. पश्चिम लंडनमध्ये साउथॉलजवळ ग्रँड युनियन कालव्यात पूजेचे नारळही तरंगताना दिसतात. गंगेची आठवण ठेवणारी माणसं तिथंही आहेत, हे वाचून मला मनापासून बरं वाटतं. पंख्याची काळजी तेवढी वाटते.

काम झालं की झाकण पक्कं आवळायचं. ते सैल राहिलं आणि इंजिन सुरू झालं, तर पंखाच पाणी उडवून बोटीत भरतो. बोटी अशा बुडाल्या आहेत.

इंजिन तापतंय? बहुतेक नॅरोबोटी कालव्याचं पाणी इंजिनात घेतच नाहीत. पोलादी अंगाला आतून एक चपटी टाकी जोडलेली असते. इंजिनातलं गरम पाणी त्या टाकीतून फिरतं आणि पत्र्यापलीकडचा अख्खा कालवा त्याला गार करतो. किती साधी, सुंदर युक्ती! टाकीत हवा अडकली की मात्र काटा चढू लागतो. वरचा स्क्रू सैल करून ती हवा सोडून द्यायची.

पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो, तिथून थोडं थेंब-थेंब पाणी येतं, ते चालतं. संध्याकाळी ग्रीसची मूठ फिरवली की थेंब थांबतात.

खरी भीती लॉकमध्ये. खाली उतरताना वरच्या दरवाजाच्या पायथ्याचा दगडी उंबरा पाण्याखालून पुढे आलेला असतो. पाणी ओसरताना बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं, तर नाक खाली जातं आणि बोट भरते. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ असते. तिच्या पुढेच राहायचं, आणि तरी टेकलीच तर पाणी सोडणं तात्काळ बंद! वुस्टरशायरमधल्या टार्डबिग्गीला असे 30 लॉक ओळीनं आहेत.

बोगद्यात इंजिन बंद पडलं तर? हडर्सफील्डच्या कालव्यावरचा स्टँडेज बोगदा 1811 साली खुला झाला, लांबी 5 किलोमीटरहून जास्त. तेव्हा बोटी घोडे ओढत, आणि या बोगद्यात घोड्यासाठी वाटच नव्हती. माणसं फळीवर आडवी पडून भिंतीला पाय लावत आणि चालत चालत बोट पलीकडे नेत. घोडा डोंगरावरून जाई.

आणि पाणीच नसेल तर? 1978 साली नॉटिंगहॅमशायरमध्ये रेटफर्डजवळ चेस्टरफील्ड कालव्याचा गाळ काढताना कामगारांच्या हाती एक जाड साखळी लागली. ओढली, तर टोकाला लाकडी बूच! कालव्याचा तो भाग बघता बघता शेजारच्या नदीत रिकामा झाला. बूच तिथं आहे, हेच सगळे विसरले होते.

दुरुस्ती कुठलीही असो, घड्याळाकडे लक्ष हवं. वस्तीजवळ किंवा इतर बोटींशेजारी थांबलात, तर रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन चालवायचं नाही. नवा बेल्ट बसवून तो चालतो का हे पाहायचं असेल, तर आठच्या आत.