न झालेली वाटणी

आपल्याकडे जुन्या वाड्याची गोष्ट बहुधा वाटणीपाशी संपते. चौकात भिंत येते, आडावर हक्क सांगणारे चार होतात आणि तिसऱ्या पिढीत वाडा बिल्डरकडे जातो. इंग्लंडच्या जमीनदारांनी वाटणीच होऊ दिली नाही. डर्बिशर परगण्यातलं चॅट्सवर्थ आणि तिथलं कॅव्हेंडिश घराणं पाहिलं की हे किती चिकाटीचं काम होतं आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते कळतं.

आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या काळात मठ बरखास्त केले, तेव्हा त्यांच्या मालमत्तेची मोजदाद करणाऱ्या अधिकाऱ्यांत विल्यम कॅव्हेंडिश होता. त्या कामात त्याचं चांगलंच भलं झालं. त्याची बायको बेस ऑफ हार्डविक डर्बिशरची. तिच्या आग्रहावरून त्याने 1549 मध्ये 600 पौंडांना चॅट्सवर्थ घेतलं. या घराण्याची खरी मूळपुरुष बेसच, असं मला वाटतं. गंमत अशी की तिने उभ्या केलेल्या इस्टेटीत पुढच्या मुलींना मात्र थोरलेपणाचा हक्क नव्हता.

सगळं थोरल्या मुलाला, हा रिवाज. त्याला पुढे वकिलांनी पक्कं कुलूप घातलं. मुलगा सज्ञान झाला की बाप-लेक मिळून नवा दस्त करत आणि जमीन न जन्मलेल्या नातवाच्या नावे बांधून टाकत. धन्याला उत्पन्न मिळे, पण जमीन विकता येत नसे. धाकटे भाऊ लष्करात, चर्चमध्ये किंवा ईस्ट इंडिया कंपनीत जात. मुलींना हुंडा मिळे आणि त्याचं कर्ज त्याच जमिनीवर चढे.

पुढे डेव्हनशरचे ड्यूक झालेल्या या घराण्यातल्या सहाव्या ड्यूकच्या काळात श्रीमंतीने टोक गाठलं. जोसेफ पॅक्स्टन हा त्याचा माळी. त्याने 1836 ते 1840 मध्ये बांधलेलं काचेचं पादपगृह इतकं विशाल होतं की 1843 मध्ये व्हिक्टोरिया राणी त्यातून घोडागाडीने गेली. फुलझाडं आणायला जॉन गिब्सन या तरुण माळ्याला थेट कलकत्त्याला आणि खासी टेकड्यांत पाठवलं होतं. याच बागेत पॅक्स्टनने मॉरिशसकडून आलेली ठेंगणी केळ वाढवली आणि तिला मालकाचं आडनाव मिळालं. जळगावचा शेतकरी ज्यांना बसराई आणि ग्रँड नैन म्हणतो, ते दोन्ही वाण शास्त्रज्ञांच्या लेखी कॅव्हेंडिश गटातलेच. रावेर-यावलच्या बागांमध्ये एका इंग्रज उमरावाचं नाव असं नकळत नांदतं आहे.

याच ड्यूकच्या अमदानीत एन्झर हे गाव नव्याने वसवलं गेलं. हवेलीच्या खिडकीतून दिसणारी गावातली घरं त्याआधीच हटवली होती. नवी घरं देखणी आहेत, आजही पर्यटक त्यांचे फोटो काढतात. पण धन्याच्या नजरेला खुपतं म्हणून कुणाचं तरी घर पाडलं जातं, हे मला त्या देखणेपणाआड लपवता येत नाही.

1870 नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू आला, मग बर्फात ठेवलेलं मांस आलं आणि इंग्लंडच्या शेतजमिनीचे खंड कोसळले. 1882 च्या कायद्याने बांधलेली जमीन विकायला वाट मिळाली. 1894 पासून सरकार वारसाकराचा नवा, चढता दर लावू लागलं. पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी पादपगृहातली झाडं मेली. 1920 मध्ये ते सुरुंग लावून उडवावं लागलं. घराण्याचा लंडनमधला वाडा, डेव्हनशर हाऊस, विकला गेला आणि 1924 मध्ये पाडला.

दुसऱ्या महायुद्धात हवेलीत मुलींची शाळा भरली. 1944 च्या सप्टेंबरमध्ये दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा बेल्जियममध्ये मारला गेला. ड्यूकने वारसाकर वाचवण्यासाठी 1946 मध्ये मालमत्ता न्यासाकडे सोपवली. त्यानंतर पाच वर्षं जगणं ही कायद्याची अट होती. 1950 च्या नोव्हेंबरमध्ये, मुदतीला थोडेच आठवडे उरलेले असताना, लाकडं फोडता फोडता तो गेला. कर लागला 80 टक्के.

धाकटा मुलगा अँड्र्यू अकरावा ड्यूक झाला. त्याने हजारो एकर जमीन विकली, होल्बाइन आणि रेम्ब्रांट यांची चित्रं दिली. बेसने बांधलेलं हार्डविक हॉल करापोटी सरकारला गेलं आणि 1959 मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आलं. त्या दशकात देशभर अशी घरं भराभर पाडली जात होती. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने त्यांच्या विनाशावर प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे लोकांना हानीची जाणीव झाली.

चॅट्सवर्थ वाचलं. अँड्र्यूची बायको डेबोरा हिने दुकान काढलं आणि मुलांना दाखवायला गोठा-शिवार उभं केलं. 1981 मध्ये हवेली एका धर्मादाय न्यासाच्या ताब्यात गेली. कॅव्हेंडिश कुटुंब आजही तिथेच राहतं आणि त्या न्यासाला भाडं भरतं.