वजन जास्त की कमी?

एका माणसाचे वजन ६० किलोग्रॅम आहे. तो लठ्ठ की बारीक? उंची कळल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून डॉक्टर उंची व वजन यांची सांगड घालणारे एक माप वापरतात. त्याचे नाव शरीर-वस्तुमान निर्देशांक, म्हणजेच 'बीएमआय'. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की तो मिळतो. आपल्या माणसाची उंची १.५ मीटर असेल तर ६० ÷ २.२५ = २६.७, पण १.८ मीटर असेल तर ६० ÷ ३.२४ = १८.५!

उंचीच्या वर्गानेच का भागायचे? ठोकळ्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर त्याचे वजन आठपट होते. परंतु उंच माणूस म्हणजे सर्व बाजूंनी सारखाच वाढवलेला बुटका माणूस नव्हे. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांना १८३० नंतरच्या दशकात आढळले. आजचे नाव मात्र १९७२ साली अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज यांनी रूढ केले.

प्रौढांमध्ये १८.५ ते २४.९ हा निर्देशांक सामान्य मानतात. भारतीयांना मात्र डॉक्टर २३ पासूनच सावध करतात. असे का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. म्हणूनच पिळदार शरीराचा पहिलवानही या हिशेबात 'लठ्ठ' ठरू शकतो.

तेव्हा हा निर्देशांक म्हणजे एक चाळणी आहे. कोणाची अधिक तपासणी करावी, एवढेच ती सुचवते; रोगाचे निदान करत नाही.

आता तुम्ही स्वतःचा निर्देशांक काढालच. पण थांबा! वर दिलेल्या मर्यादा मोठ्यांसाठी आहेत. तेरा वर्षांच्या मुलाची उंची १.५ मीटर व वजन ४० किलोग्रॅम असेल, तर निर्देशांक १७.८ येतो. मोठ्यांच्या मापाने तो कमी वाटेल. पण त्या वयाला तो अगदी योग्य आहे. वाढत्या वयात हा आकडा बदलत जातो, म्हणून मुलामुलींसाठी वयानुसार वेगवेगळे तक्ते असतात. तेव्हा नुसत्या आकड्याला घाबरून जेवण सोडू नका. शंका वाटली तर घरी सांगा आणि डॉक्टरांना तक्ता पाहायला सांगा.