सहा वर्षं ‘वाया गेली’, त्याचं काय?

नाशिकहून एक पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही.

पत्रलेखक इंजिनिअर आहेत, वय एकतीस. पदवीनंतर सहा वर्षं पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी केली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले, पुढे जमलं नाही. आता एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहेत. काम येतं, पण मन रमत नाही. त्यांना शाळेत गणित शिकवायचंय. ते लिहितात, ‘“यश हवं” ही इच्छा आणि “यश हवंच” हा हट्ट, यांतला फरक पटला. पण माझी सहा वर्षं वाया गेली हा काही माझा अविवेकी विचार नाही, ती वस्तुस्थिती आहे. तिचं खंडन कसं करायचं? आणि एकदा एवढी मोठी चूक झाल्यावर आता दुसरी परवडणार नाही.’

यावर अल्बर्ट एलिस यांच्याच तरुणपणाकडे बघावंसं वाटतं. अविवेकी विचार ओळखून त्यांचं खंडन करायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १९१३ साली जन्मलेल्या या माणसानं शिक्षण घेतलं होतं ते व्यापाराचं. १९३४ मध्ये पदवी हातात पडली, तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. त्यांनी भावाबरोबर धंदा काढला. कोट टिकतो आणि पँट आधी झिजते. म्हणून गिऱ्हाइकाच्या धडधाकट कोटाला जुळणारी पँट न्यूयॉर्कच्या लिलावांतून शोधून द्यायची, असा तो धंदा. पुढे भेटवस्तू विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी केली. उरलेला सगळा वेळ लिहिण्यात जायचा, कारण लेखक व्हायचं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत कादंबऱ्या, नाटकं, निबंध अशी जवळपास दोन डझन हस्तलिखितं तयार झाली आणि ती छापायला प्रकाशक मिळेना. १९४२ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला गेले. तिथेही रस्ता सरळ नव्हता. मनोविश्लेषणाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, त्याच पद्धतीनं रुग्ण तपासले आणि ती पद्धत पुरेसा गुण देत नाही असं दिसल्यावर चाळिशीनंतर, १९५५ च्या सुमारास, सोडून दिली.

इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ‘बघा, एलिस पुढे केवढे मोठे झाले, म्हणजे त्यांची ती वर्षं वाया गेली नाहीत,’ असा अर्थ कृपा करून काढू नका. ‘कुठलाही अनुभव फुकट जात नाही’ हे आपल्याकडचं लाडकं सांत्वन मला मुळीच आवडत नाही. ते खरं नाही, आणि दुखावलेल्या माणसाला ते खरं नसल्याचं लगेच कळतं. सहा वर्षांचा पगार बुडाला, हे खरं आहे. पद मिळालं नाही, हेही खरं. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पैसे पाठवले असतील, तर तेही खरंच. या नुकसानाचं वाईट वाटायलाच हवं. एलिसनाही त्यात काही गैर दिसलं नसतं. दुःख, खेद, हळहळ या भावना त्यांच्या मते निरोगी आहेत. त्या माणसाला अडवून धरत नाहीत.

अडवतो तो पुढचा भाग. ‘वाया गेली’ या निकालात पगाराचा हिशेब थोडा आणि स्वतःची किंमत जास्त असते. त्याचा पूर्ण उच्चार केला तर तो असा होतो: मी यशस्वी व्हायलाच हवं होतं, झालो नाही, म्हणून मी कुचकामी. हट्टाचा तो ‘च’ इथे, ‘व्हायलाच’मध्ये, लपून बसलाय. खंडन करायचं ते या ‘च’चं आणि ‘म्हणून’चं. परीक्षेच्या निकालावरून तुम्हाला पद मिळालं नाही एवढंच सिद्ध होतं. माणूस म्हणून तुमची किंमत कुठल्या यादीत छापून आलेली नाही.

पत्रातल्या शेवटच्या वाक्याची मला जास्त काळजी वाटते. ‘दुसरी चूक परवडणार नाही’ यात सावधपणा असता तर हरकत नव्हती. पण त्यात खात्रीची मागणी आहे. नवं काम नक्की जमेलच अशी हमी मिळाल्याशिवाय पाऊल उचलणार नाही, असं मन म्हणतंय. अशी हमी कुणालाच मिळत नाही. म्हणून मग खरेदी विभागातच आणखी सहा वर्षं निघून जाऊ शकतात.

सावधपणा वेगळे प्रश्न विचारतो. बी.एड.ची दोन वर्षं आणि नंतरची टीईटी धरली, तर घरखर्च किती महिने निभेल? शाळेत कायम जागा मिळायला वेळ लागला, तर मधल्या काळात शिकवण्या घेण्याची तयारी आहे का? आणि सगळ्यात आधी, राजीनामा न देता: घराजवळच्या आठवी-नववीच्या पाच-सहा मुलांना रविवारी गणित शिकवायला घ्या. फी घेऊ नका. सहामाही परीक्षेपर्यंत सोडू नका. एकच उदाहरण चौथ्यांदा समजावताना तुमच्या मनात काय येतं, ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. शिकवण्याची ओढ आहे की नुसता खरेदी विभागाचा कंटाळा, हे त्या वहीतून तुम्हाला कळेल. मला तुमच्या पत्रावरून ते ठरवता येत नाही.